137 चा पाठलाग, नोंद सातवी: खोट्या आकड्यांनी केलेली फजिती

मागच्या नोंदीत मी मोठ्या उत्साहाने कळवले होते की 2, 3, 5, 7, पाय (π) आणि ई (e, म्हणजे 2.718…) यांच्या घातांच्या गुणाकारातून सूक्ष्मरचना स्थिरांकाचा (विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणाऱ्या संख्येचा) व्यस्तांक नऊ अंकांपर्यंत, म्हणजे 137.035999 पर्यंत, जुळवणारे एक सूत्र माझ्या शोध-आज्ञावलीच्या हाती लागले आहे. ते सूत्र मी काल वहीतून खोडले.

आपल्यापैकीच एकांनी विचारले होते, "या आज्ञावलीला खोटा आकडा दिलात तर ती काय करते?" प्रश्न साधा होता आणि तो मला आधीच सुचायला हवा होता. 130 ते 145 या दरम्यानचे वीस आकडे यदृच्छेने निवडून मी तीच चाळणी लावली, तेव्हा त्यांतल्या चौदांना नऊ अंकांपर्यंत जुळणारे किमान एक सूत्र मिळाले. प्रथम मी यंत्राच्या पूर्णांकनाला दोष दिला आणि सगळे गणित एमपीमॅथवर (हव्या तितक्या अंकांत गणित करणाऱ्या पायथन-संचावर) पन्नास अंकांत पुन्हा केले. (हे साधन संथ असले तरी विश्वासू आहे; नव्या मंडळींनी आधी तेच शिकावे.) त्यात पंचवटीत दोनदा वीज गेली, आणि 'चार तास हमखास' म्हणून विकत घेतलेला इन्व्हर्टर चाळीस मिनिटांत निजला. उत्तर मात्र तसूभरही बदलले नाही.

दोष मोजणीत होता. घातांक उणे पाच ते अधिक पाच, पाव-पावच्या टप्प्याने, म्हणजे प्रत्येक संख्येला 41 पर्याय आणि सहा संख्यांची मिळून 475 कोटी सूत्रे. एवढ्या गर्दीत नऊ अंक जुळणारे एखादे सूत्र सापडणे हे अपेक्षितच असते. ही गर्दी मी इतक्या सहज चाळली याचे श्रेय जिचा मला अजूनही अभिमान आहे त्या युक्तीला जाते: तीन-तीन संख्यांच्या 68,921 नोंदींच्या दोन याद्या, त्यांचे लघुगणक चढत्या क्रमाने लावलेले, आणि पहिल्या यादीतील प्रत्येक नोंदीचा जोडीदार दुसरीत द्विभाजनाने, म्हणजे यादी दर वेळी निम्मी करत, शोधायचा. रात्रभराचे काम काही सेकंदांवर आले. फसवणूकही त्याच वेगाने झाली.

मग हीच कसोटी गणितज्ञ वायलर यांनी याच व्यस्तांकासाठी 1969 मध्ये दिलेल्या सूत्राला लावली. त्यांची किंमत 137.03608 येते. सूत्र सुटे केले तर त्यात 2, 3, 5 आणि पाय यांचे पाव घातच उरतात, म्हणून शोधाचा आवाका 28,25,761 सूत्रांचा धरला. हजार खोट्या आकड्यांपैकी 146 आकड्यांना तितकेच किंवा अधिक चांगले सूत्र मिळाले. सातात एक ही काही थक्क होण्याजोगी गोष्ट नव्हे. असेच दुसरे उदाहरण भौतिकशास्त्रज्ञ लेन्झ यांचे: 1951 चे 6 गुणिले पायचा पाचवा घात, म्हणजे 1836.118, हे प्रोटॉन-इलेक्ट्रॉन वस्तुमानांच्या त्या वेळच्या मोजलेल्या गुणोत्तराशी त्रुटिमर्यादेत जुळत होते, आज 1836.152673 या किमतीपुढे ते उघड उघड चुकते.

येथे थांबून पुढची नोंद प्रोटॉनवर लिहायची असे ठरले होते, परंतु हे लिहितानाच जपानी भौतिकशास्त्रज्ञ कोइदे यांचे 1981 चे सूत्र आठवले. इलेक्ट्रॉन आणि त्याचे दोन जड भाऊबंद कण म्युऑन व टाऊ यांच्या वस्तुमानांची बेरीज भागिले त्यांच्या वर्गमुळांच्या बेरजेचा वर्ग बरोबर 2/3. तेव्हा टाऊचे मोजलेले वस्तुमान सुमारे 1784 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचे वस्तुमान मोजण्याचे एकक) होते आणि त्याने गुणोत्तर 0.6671 येत असे. सूत्र मात्र 1777 मागत होते. 1992 मध्ये बीजिंगच्या प्रयोगात 1776.9 मिळाले. आपल्या वहीतल्या एकाही सूत्राने मोजणीला आपल्याकडे खेचलेले नाही.

तेव्हा प्रोटॉन लांबणीवर. आता अडचण अशी की वर्गमूळच का, घनमूळ का नाही, आणि 2/3 ऐवजी 3/4 किंवा 5/8 आले असते तर आपण तितकेच हरखलो असतो का? अशा पर्यायांची यादी किती लांब धरावी हे मला अजून ठरवता आलेले नाही. तूर्त 120 पर्याय धरून खोट्या वस्तुमानांच्या त्रिकुटांवर चाचणी आज रात्री लावतो आहे. इन्व्हर्टर शेजाऱ्यांकडून उसना आणला आहे.