खाणीचे रितेपण

आमच्या घरातील मोठ्या पितळी पातेल्याची कल्हई गेली आहे, हे मला दर वेळी आमटीच सांगते. चिंचगुळाची आमटी तासाभरात कळकली आणि तिला तो हिरवट, जिभेला टोचणारा वास आला, की पातेले बाहेर काढण्याची वेळ झाली असे समजावे. आईच्या काळी कल्हईवाला इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत येऊन भाता मांडून बसे. आता मलाच पातेले पिशवीत घालून राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात त्याचा शोध घ्यावा लागतो. या वेळी भेटलेल्या कल्हईवाल्याने पातेले निखाऱ्यांवर तापवले, आत नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर नाकाला झोंबला, आणि मग त्याने कथलाची कांडी तळाला नुसती टेकवली. हा धातू २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतो; तो तुपासारखा पाघळला आणि कापसाच्या बोळ्यामागून धावत साऱ्या तळावर पसरला. काम एवढ्याशा कथलात भागते की कांडी झिजल्याचेही दिसत नाही. “भैया, ये राँगा आता कहाँ से है?” असे मी विचारले, तेव्हा त्याने मान वर न करता उत्तर दिले, “सियागंज से, आंटीजी.”

सियागंज या इथल्या घाऊक बाजारापलीकडचा भूगोल त्याच्या तोंडच्या शब्दातच होता. इंदुरात ज्याला ‘कलई’ म्हणतात आणि आपण मराठीत ‘कल्हई’, तो शब्द अरबीतून आला. मलायाच्या किनाऱ्यावर ‘कलह’ नावाचे एक बंदर होते, त्याचा उल्लेख जुन्या अरब भूगोलकारांनी कथलाच्या संदर्भात केला आहे, आणि त्या बंदराच्या नावावरूनच हा शब्द घडला असे अनेक अभ्यासक मानतात. (हिंदीत बिंग फुटण्याला ‘कलई खुलना’ म्हणतात, आणि आमच्यासारखे इंदूरचे मराठी लोक भांडणात मराठी म्हण आठवली नाही की खुशाल तेच वापरतात.)

त्याच आठवड्यात इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोटो आला. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर बोटॅलॅक येथे समुद्रात घुसलेल्या कड्यावर जुन्या कथलाच्या खाणीची दोन दगडी इंजिनघरे उभी आहेत. छप्पर नाही, यंत्र नाही, खिडक्यांतून आरपार आकाश दिसते. खाली त्याने लिहिले होते, “मावशी, एवढी गाडी चालवून आलो आणि पाहिले काय, तर दोन पडकी घरे! याला म्हणे जागतिक वारसा!” तो तसा आहे खरा. कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हन येथील खाणींचा हा सारा प्रदेश युनेस्कोने २००६ साली वारसास्थळांच्या यादीत घेतला. परंतु भाच्याचा वैताग मला अगदीच बिनबुडाचा वाटला नाही. आमचा राजवाडा किंवा लालबाग महाल पाहताना जे जपले आहे ते डोळ्यांसमोर असते. खाणीचे तसे नाही. तिच्यात मोलाचे जे होते, ते काढून नेण्यासाठीच तर ती खणली. मग उरलेल्या भोकाला वारसा कसे म्हणायचे?

मी त्याला लांबलचक उत्तर लिहिले. बोटॅलॅकच्या त्या घरांतील वाफेची इंजिने खालचे पाणी उपसत आणि खनिज वर ओढत असत, कारण तेथील बोगदे समुद्राच्या तळाखालून बरेच आत गेले होते, आणि वादळात डोक्यावरच्या तळावरून दगडधोंडे गडगडत जात, तो आवाज कामगारांना खाली ऐकू येई. दर पाळीला माणसे या आवाजाखाली सुरुंगाची भोके पाडत होती. जवळच्याच लेव्हंट खाणीत माणसांची ने-आण करण्यासाठी खाली-वर हलणारा एक प्रचंड लाकडी दांडा होता, ज्याच्या पायऱ्यांवर उडी मारत मारत कामगार वर येत. २० ऑक्टोबर १९१९ रोजी पाळी सुटण्याच्या वेळी तो वरच्या सांध्यापाशी तुटला आणि ३१ माणसे गेली. वर, उघड्यावर, बायका आणि मुली हातोड्यांनी खनिज फोडत असत. त्याच खनिजातून सोमल हे विषही निघे, आणि तो भट्टीच्या भिंतींवरून खरवडून काढणारी माणसे नाकात कापूस खुपसून आत जात. हे सारे फोटोत दिसत नाही. परंतु फोटोतली भिंत पाडली, तर ते सांगण्यासाठी बोट दाखवायलाही काही राहणार नाही. तिचे मोल मला एवढेच वाटते, आणि ते पुष्कळ आहे.

सुशोभीकरणाची मात्र मला धास्ती वाटते. गवत कापलेले, फलक लावलेले, कोपऱ्यात चहाचे दुकान, अशा जागी सोमल आणि मृत्यू दोन्ही फार नीटनेटके होऊन बसतात. त्यातल्या त्यात गीव्हरची गोष्ट मला पटते. ही खाण १९९० साली बंद पडली, पुढे तिचे संग्रहालय झाले, आणि तेथे पाहुण्यांना खाण दाखवणाऱ्यांत पूर्वी तेथेच काम केलेली माणसे असत. आणखी एक गंमत म्हणजे साउथ क्रॉफ्टी ही तिकडची शेवटची खाण १९९८ साली बंद झाली, तिचे बोगदे पाण्याने भरले, आणि २०२३ मध्ये ते पाणी उपसण्यास पुन्हा सुरुवात झाली, कारण आपल्या मोबाइलमधील सर्किटांना डाख द्यायला कथीलच लागते.

भाच्याला हे लिहीत असताना माझ्या डोळ्यांसमोर कॉर्नवॉल नव्हते, आमची हुकुमचंद मिल होती. माझ्या लहानपणी या शहराची सकाळ गिरण्यांच्या भोंग्यांनी होत असे आणि आजोबा भोंग्यावर घड्याळ लावत. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, आणि कामगारांच्या थकलेल्या सुमारे २२४ कोटी रुपयांचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. तोवर आवारात झाडांचे रान माजले होते. आता त्या झाडांवरून वाद आहे, जमिनीवरून आहे. भोंग्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. एखादे धुराडे, एखादी हजेरीची खिडकी तेवढी राखावी, असे मी एकदा आमच्या भिशीत म्हटले, तर एकीने विचारले, “आणि तिथे बघायचे काय?” भाच्याचाच प्रश्न, आणि सूत कातणाऱ्या हातांविषयीचे त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी, चहा निवत असताना, नीट देता आले नव्हते.

भाच्याचे उत्तर आले ते दोन दिवसांनी. “परतताना गीव्हरला थांबलो. कामगार कपडे बदलत ती खोली पाहिली. अंगरखे अजून खुंटीवर आहेत. बराच वेळ थांबलो.” पुढे काही लिहिले नव्हते.

पातेल्यात त्या रविवारी पुन्हा आमटी केली. संध्याकाळपर्यंत ती कळकली नाही. तळाशी जिथे पळी नेहमी घासते, तिथे मात्र नखाएवढी पिवळी रेघ आतापासूनच दिसू लागली आहे.