‘पित्त झालंय’ या दोन शब्दांपलीकडे

“तुमचं लहानपण कुठं गेलं?” ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधल्या डॉक्टरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी पोटदुखी घेऊन गेले होते, त्यामुळे वाटलं, बाई सहज ओळख काढताहेत. सांगलीजवळच्या गावाचं नाव सांगितलं. मग घरात माणसं किती होती, कुणाला पोटाचा जुना त्रास आहे का, डोकेदुखीसाठी कुठल्या गोळ्या घेता, असं सगळं विचारून झालं आणि त्या म्हणाल्या, “आपण श्वासाची तपासणी करू या.”

माझं दुखणं तीन महिन्यांचं. रात्री दीड-दोनला जाग यायची. बेंबीच्या वर, बरगड्या जिथं मिळतात त्याच्या खाली, एका बोटानं दाखवता येईल एवढ्या जागेत कुणीतरी कुरतडतंय असं वाटायचं. उठून दोन बिस्किटं आणि कपभर दूध घेतलं की थांबायचं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “पित्त गं ते. जागरणं कमी कर, आमसुलाचं सार पी.” मीही तेच धरून चालले होते. तिखट सोडलं, चहा सोडला, मोरावळा आणला. काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता.

आपल्याकडे ‘पित्त’ हा शब्द छातीतल्या जळजळीपासून डोकेदुखीपर्यंत आणि अंगावरच्या गांध्यांपासून उलटीपर्यंत सगळ्याला पुरतो. शब्द आपला आहे, मला प्रिय आहे. पण त्याच्या आड अल्सर वर्षानुवर्षं लपून राहू शकतो. अल्सर म्हणजे जठराच्या किंवा त्याच्या पुढच्या लहान आतड्याच्या अस्तराला पडलेली जखम. आतड्यातली जखम बहुधा रिकाम्या पोटी आणि रात्री दुखते, खाल्लं की शांत होते. जठरातली पुष्कळदा जेवणानंतर दुखते. दुधानं मिळणारा आराम घटकाभराचा, कारण थोड्या वेळानं दुधामुळेच पोटात आणखी अ‍ॅसिड सुटतं.

तपासणी अगदी साधी होती. उपाशीपोटी गेले. पाण्याबरोबर युरियाची एक कॅप्सूल दिली, थोडा वेळ बसवलं आणि मग एका पिशवीत फुंकायला सांगितलं. पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असेल तर तो युरिया फोडतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. कॅप्सूलमधला कार्बन खुणेचा असल्यानं तो श्वासात ओळखता येतो. माझ्या श्वासात तो भरपूर सापडला. हा जंतू बहुतेकदा लहानपणीच, घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तेव्हा कुठं मला उमगला. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात तो असतो. बहुतेकांना कधी काही होत नाही, काहींना मात्र अल्सर होतो, आणि फार थोड्यांना पुढं जठराचा कॅन्सर.

आणि हे सगळं ज्या शहरात शोधलं गेलं, त्याच शहरात मी सहा वर्षं राहतेय! कामावर जाताना माझी बस वेलिंग्टन स्ट्रीटवरच्या रॉयल पर्थ हॉस्पिटलवरून जाते. तिथं रॉबिन वॉरन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. 1979 मध्ये जठराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना वाकडे, लहानसे जंतू दिसले. एवढ्या अ‍ॅसिडमध्ये जंतू जगतीलच कसे, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 1981 मध्ये बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. प्रयोगशाळेत जंतू वाढेना. नमुन्यांच्या बश्या दोन दिवसांनी टाकून द्यायची पद्धत होती. 1982 च्या ईस्टरला सलग सुट्ट्या आल्या, बश्या तशाच राहिल्या, आणि सुट्टीनंतर पाहतात तर जंतूंची वाढ झालेली. या जंतूला फक्त जास्त दिवस हवे होते.

तरी जग मानेना. त्या काळी अल्सर म्हणजे मानसिक ताण आणि अ‍ॅसिड, हे ठरलेलं होतं. रोग्यांना आयुष्यभर अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या द्यायच्या, नाहीतर ऑपरेशन. शेवटी 1984 मध्ये मार्शल यांनी जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला दुर्गंधी. दुर्बिणीनं पाहिलं तर आधी निरोगी असलेलं जठर सुजलेलं, आणि त्यात तेच जंतू. अल्सर व्हायच्या आत त्यांनी औषध घेतलं. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. बसच्या खिडकीतून ती इमारत दिसली की आता माझे हात आपोआप जोडले जातात.

माझा उपचार चौदा दिवसांचा होता. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही दोन अँटिबायोटिक्स, आणि सोबत अ‍ॅसिड कमी करणारी गोळी, सगळं दिवसातून दोनदा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही ना, हे आधी विचारून घेतलं. तिसऱ्या दिवसापासून तोंड असं कडू पडलं की वरणभातसुद्धा लोखंड चाटल्यासारखा लागायचा. दुखणं आठवड्यातच थांबलं होतं. तिथंच गोळ्या बंद करायचा मोह होतो, आणि तोच घात करतो. अर्धवट मारलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. आपल्याकडे मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक इतकं सर्रास वापरलं गेलंय की त्याला हे जंतू पुष्कळदा जुमानत नाहीत. म्हणून तिथले डॉक्टर वेगळी औषधं देतील, बिस्मथ घालून चार औषधंही देतील. माझी चिठ्ठी पाहून तुम्ही गोळ्या आणू नका.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची, आणि तिच्याआधी दोन आठवडे अ‍ॅसिडची गोळी बंद ठेवायची. नाहीतर जंतू असूनही तपासणीत दिसत नाही. माझी दुसरी तपासणी कोरी आली, त्या संध्याकाळी मी घरी फोन केला. इथं नऊ वाजले होते, तिथं साडेसहा.

फोन बाबांनी घेतला. आवाज खोल गेलेला. “काही नाही गं, पित्त वाढलंय. जरा थकवा आहे.” मी विचारलं, “शौचाला कसं होतंय?” असं त्यांना मी आयुष्यात विचारलं नव्हतं. ते अवघडून गप्प झाले. मग म्हणाले, “काळं होतंय. डांबरासारखं. चार दिवस झाले.”

लोहाच्या गोळीनंही काळं होतं, पण बाबा लोह घेत नव्हते. गुडघ्यांसाठी मात्र मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक रोज घेत होते, पाच महिने, चिठ्ठीशिवाय, कधी कधी नुसत्या चहावर. या वेदनाशामक गोळ्या शरीरातली जी द्रव्यं कमी करून दुखणं थांबवतात, तीच द्रव्यं जठराचं अस्तरही सांभाळत असतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन, सगळ्यांचं हेच. पॅरासिटामॉलचं तसं नाही. अल्सरचं हे दुसरं मोठं कारण, आणि वयस्कर माणसांत अनेकदा पोट दुखतसुद्धा नाही. थेट रक्तस्राव होतो.

भावाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता गाडी काढ. रात्री मिरजेला दाखल केलं. हिमोग्लोबिन 6.8. दुर्बिणीतून रक्त थांबवलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. मी इथं रात्रभर फोन हातात धरून बसले होते. या अंतराचं ओझं परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

म्हणून हे लिहितेय. तुमच्या घरी कुणाचं ‘पित्त’ महिनोन्‌महिने जात नसेल तर डॉक्टरांना विचारा, हेलिकोबॅक्टरची तपासणी करायची का? शौचाच्या नमुन्यावरूनही ती होते. काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, अचानक उठलेली असह्य कळ, यांत एक रात्रही थांबू नका. वजन उतरत असेल, गिळायला त्रास होत असेल, तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका. आणि हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मनानं बंद करू नका. त्यासाठी पोट सांभाळणारी गोळी सोबत देता येते.

बाबांच्या पोटात तो जंतूही निघाला. त्यांचा कोर्स गेल्या सोमवारी संपला. काल व्हिडिओ कॉलवर आईनं औषधांचा पत्र्याचा डबा ओट्यावर उपडा केला आणि एकेक पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. चष्मा लावून ती नाव वाचायची, मी सांगायचे, ठेव किंवा बाजूला काढ. सातव्या पाकिटाला ती थांबली. “ही माझी गं,” म्हणाली, “पाठीसाठी. मीही घेते कधीमधी.”