गोळाफेक, व्हीलचेअर आणि माझा डेक्सा रिपोर्ट

मी बसून गोळाफेक करते, एफ५५ गटात, म्हणजे पॅरा-ॲथलेटिक्समधल्या बसून फेकणाऱ्यांच्या एका गटात. बाईकच्या अपघातात मणका डी-१० ला (पाठीचा दहावा मणका) मोडला, कमरेखाली संवेदना नाही. खांदे आणि दंड मात्र बघणाऱ्याला असे दिसतात की हाडांबद्दल कुणी विचारतच नाही. खरं तर हाड भरतं ते ताण पडला तर, आणि ज्या हाडावर ताण पडतो तेच भरतं. गोळा फेकून दंडाचं हाड कितीही मजबूत होवो, मांडीच्या हाडाला त्याचा पत्ता नसतो. मणक्याची इजा झाली की पहिल्या एक-दोन वर्षांतच खालच्या हाडांची घनता झपाट्याने घटते, सगळ्यात जास्त गुडघ्याच्या आसपास.

तपासणीचा विषय निघाला तो आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीमुळे. गाडीतून खुर्चीत येताना तिचा पाय दाराशी अडकून जरासा पिळला. दुखणार कुठून? गुडघा सुजला, गरम लागायला लागला, स्पाझम (पाय आपोआप ताठणं, झटके येणं) वाढले. घरच्यांनी मुरगळलाय म्हणून शेक दिला. एक्स-रे काढला तर गुडघ्याच्या वर मांडीचं हाड मोडलेलं. त्यानंतर फिजिओ मॅडम आमच्या मागेच लागल्या, "डेक्सा करून घ्या सगळ्यांनी." डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन.

सांगणं सोपं. स्कॅन सेंटरला फोन केला की पहिला प्रश्न यायचा, "पेशंटला टेबलवर चढता येतं ना?" टेबलची उंची खाली-वर होत नाही, हे तिथे गेल्यावर कळलं. भाऊ आणि सरकफळी सोबत होती म्हणून निभावलं. तिथल्या मुलाने कंबरेचा मणका आणि मनगट मोजलं आणि म्हणाला, "ताई, झालं. नॉर्मल आहे." माझ्या पाठीत रॉड आणि स्क्रू आहेत. धातू मोजणीत आला की घनता खोटी वाढून दिसते, म्हणून तो भाग वगळायचा असतो. आणि मनगट तर रोज खुर्ची ढकलतं, गोळा फेकतं. ते चांगलंच येणार. मोडतं ते मोजलंच नव्हतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून बाजूला ठेवला आणि नवीन चिठ्ठीवर स्पष्ट लिहून दिलं: दोन्ही खुबे, आणि जमलं तर गुडघ्याचा वरचा-खालचा भाग. दुसऱ्या सेंटरवर गुडघ्याची सोय नव्हती, खुब्याची होती. त्यासाठी पाय आत वळवून एका तिकोनी ठोकळ्याला पट्ट्याने बांधतात. पाय बांधला की स्पाझम सुरू आणि चित्र हललेलं. तिथल्या ताईंनी घाई केली नाही. पाय सैल होईपर्यंत गप्पा मारत बसल्या, मग हळूच पुन्हा घेतलं. असा माणूस भेटणं हाही नशिबाचाच भाग!

खुब्याचा झेड-स्कोअर आला −२.७. पाळी चालू असलेल्या बायकांसाठी टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना) नव्हे तर झेड-स्कोअर बघतात, म्हणजे आपल्याच वयाच्या बायकांशी तुलना, −२.० किंवा त्याखाली गेला तर वयाच्या मानाने कमी. ड जीवनसत्त्व १४ निघालं, २० च्या आत म्हणजे कमतरता. आठवड्याला ६०,००० युनिटचं पाकीट सुरू झालं. कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांनी मुद्दाम दिल्या नाहीत. कॅथेटर (लघवीची नळी) वापरणाऱ्यांना मुतखड्याचा त्रास आधीच जास्त, त्यामुळे आधी दूध, दही, नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पण एका भाकरीत तेवढी नाचणी जात नाही, हे आईला समजावताना नाकी नऊ आले.

मग त्यांनी जेवण विचारलं. प्रवासात बाथरूममध्ये खुर्ची जात नाही म्हणून आम्ही बऱ्याच जणी स्पर्धेच्या आदल्या दिवसापासून खाणंपिणं तोडतो. वर वजन कमी ठेवायचं, नाहीतर ट्रान्सफर, म्हणजे खुर्चीतून गाडीत किंवा पलंगावर सरकणं, जड. पोटात पुरेसं गेलं नाही तर पाळी बिघडते आणि हाडंही झिजतात. याबद्दल आम्ही एकमेकींशीही कधी बोललो नव्हतो.

हाडांची झीज रोखायला वर्षातून एकदा घ्यायच्या झोलेड्रॉनिक ॲसिडच्या सलाईनचा विषय निघाला तेव्हा डॉक्टरांनी आधी विचारलं, "मूल हवंय का?" ते औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं. शिवाय माझ्यासारख्या जुन्या इजेत त्याने गुडघ्याजवळची मोडतोड टळते असा पक्का पुरावा नाही. मी तूर्त नको म्हटलं. नुसतं स्टँडिंग फ्रेममध्ये (आधार देऊन उभं करणाऱ्या चौकटीत) उभं राहून घटलेलं हाड परत भरून येत नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं. उभं राहायचं तर इतर फायद्यांसाठी राहा, म्हणाले.

म्हणजे राहिलं ते न मोडणं. थ्रोइंग चेअरवर पट्टे ताणता न येणारेच लागतात, नियम आहे. पूर्वी माझे कोच सर गुडघ्याजवळचा पट्टा पाय देऊन आवळायचे. आता मुख्य जोर कमरेच्या पट्ट्यावर, मांडीवरचा पट्टा रुंद, खाली पॅड. गुडघा जबरदस्तीने दुमडून स्ट्रेचिंग बंद. गाडीतून उतरताना आधी पाय बाहेर, मग मी. सरांची कुरकुर होती, फेक थोडी कमी झाली होती. आता कोन बदलून बसवतोय.

बॅगेत एक कागद ठेवलाय: पाय सुजला किंवा गरम लागला तर दुखायची वाट न बघता एक्स-रे. आणि मोडलंच तर कडक प्लास्टर नको, आत गादी असलेला स्प्लिंट हवा, कारण संवेदना नसलेल्या कातडीला प्लास्टरखाली जखम झाली तर पत्ता लागत नाही. पुढचा स्कॅन त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर करायचा. वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.