आमची वाटचाल : बॅक्टेरियाला अर्धपोटी ठेवायचा धंदा

आमची फर्म हिंगणा एमआयडीसीत, छोटीच आहे, नाव वाचून लोकांना वाटते औषधं बनवत असतील, तर नाही, आम्ही लॅबमध्ये लागणारी एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारी प्रोटीनं) बनवतो, म्हणजे त्यांचा जीन ई. कोलाय बॅक्टेरियात घालून त्याच्याकडून बनवून घेतो. सुरुवात ट्रेडिंगची होती, कॉलेजच्या लॅबना काचसामान, अगार, मीडिया (बॅक्टेरिया वाढवायचं खाद्य) पुरवायचो. तिथल्या सर-मॅडमचं दर उन्हाळ्यात एकच रडगाणं, बाहेरून मागवलेलं एन्झाइम नागपूरला पोचेपर्यंत डब्यातला ड्राय आइस उडून गेलेला असते. ४५ डिग्रीत दुसरं काय होणार! टॅक पॉलिमरेज (डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम) तरी तग धरते, ते मुळातच अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या बॅक्टेरियाचं (थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी १९६९ मध्ये त्याची नोंद केली), पण डीएनएचे तुकडे जोडणाऱ्या लायगेजसारखी नाजूक मंडळी कामातून जातात. म्हटलं आपणच बनवू.

टॅकपासून सुरू केलं कारण प्युरिफिकेशन सोपं. बॅक्टेरिया फोडायचे, ते पाणी ७५ डिग्रीच्या आसपास तापवायचं, ई. कोलायची स्वतःची बहुतेक प्रोटीनं फाटून खाली बसतात, टॅक वरच्या पाण्यात शाबूत राहते. फ्लास्कमध्ये मस्त चाललं. मग ऑर्डरी वाढल्या, कर्ज काढून छोटा फर्मेंटर (बॅक्टेरिया वाढवायचं बंद भांडं) घेतला अन् गाडी तिथं अडकली. ओडी (द्रावणाचा गढूळपणा, त्यावरून बॅक्टेरिया किती झाले ते कळते) वाढून राहिली, सेंट्रिफ्यूज केलं की बॅक्टेरियाचा गोळा हा एवढा, पण त्या मानानं प्रोटीन काही खास नाही. सॅम्पल काढलं की सिरक्यासारखा आंबट वास.

होते असं की ग्लुकोज ढिगानं मिळालं तर ई. कोलाय ते आधाश्यासारखं ओढते, पण तेवढं सगळं पूर्ण जाळायची त्याची ताकद नसते, मग जास्तीचा कार्बन अ‍ॅसिटेट (सिरक्यातलंच ॲसिड) करून बाहेर टाकते. चुलीत लाकडं कोंबली की जाळापेक्षा धूरच जास्त होते ना, तसं. हवा भरपूर दिली तरी होते हे, फक्त ऑक्सिजन कमी पडल्यानं होते असं नाही. हे ॲसिटेट लिटरला एक-दोन ग्रॅमच्या पुढे गेलं की प्रोटीनवर परिणाम दिसायला लागते, पाचच्या वर गेलं की बॅक्टेरियाची वाढच मंदावते, स्ट्रेनप्रमाणे (बॅक्टेरियाच्या वाणाप्रमाणे) थोडं मागेपुढे. आणि पीएच मीटरच्या भरवशावर तर बिलकुल राहू नका. आपण अमोनिया सोडून पीएच ७ ला धरून ठेवतो, आकडा छान दिसते, पण अ‍ॅसिटेट कुठं गेलं? तिथंच आहे की! पाहायचंच असेल तर अमोनियाची बाटली किती लवकर रिकामी होऊन राहिली ते पाहा.

आमची सुटका केली नागपूरच्या उन्हानं, खरंच सांगतो. मे महिना, टाकीतलं पाणी हाताला चटके देणारं, चिलर धापा टाकून राहिला, आणि बॅक्टेरिया जेवढा ऑक्सिजन खाते तेवढी उष्णता सोडते, त्यामुळे फर्मेंटर ३७ च्या खाली यायला तयार नाही. आमचा ऑपरेटर म्हणे, "दादा, फीड कमी करू का, मशीन थंड तरी राहीन." केला, म्हणजे ग्लुकोजची धार बारीक केली. बॅच लांबली, रात्रभर जागावं लागलं, पण टॅक हिवाळ्यातल्या बॅचपेक्षा जास्त निघालं! हे पुस्तकात होतंच, आम्हाला वाटे की ते मोठ्या कंपन्यांचे चोचले.

हिशोब असा आहे. ई. कोलायच्या के-१२ जातीचे स्ट्रेन साध्या ग्लुकोज मीडियात ताशी ०.३५ च्या वर वाढायला लागले की अ‍ॅसिटेट सुरू होते, म्हणजे दोन तासांत दुप्पट. आम्ही फीड असा बांधला की वाढ ताशी ०.१५ राहील, दुप्पट व्हायला साडेचार तास लागतात, लागू द्या. बॅक्टेरिया खरंच अर्धपोटी आहे का हे पाहायला फीडचा पंप मिनिटभर बंद करायचा. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) लगेच वर उसळला तर ठीक, खाणं संपल्यानं ऑक्सिजन ओढणं कमी झालं, उसळायला वेळ लागला तर समजा आत ग्लुकोज नाहीतर अ‍ॅसिटेट पडलेलं आहे. ग्लुकोज मोजायला महागडं यंत्र नव्हतं, साधं शुगर तपासायचं ग्लुकोमीटर वापरतो, अगदी बारीक आकडा नाही दाखवत पण अंदाजाला पुरते. मेडिकलवाला काळजीनं विचारे, काकाजी घरात शुगर कोणाले आहे, एवढ्या स्ट्रिपा लागून राहिल्या?

स्ट्रेनचं म्हणाल तर बीएल२१ घ्या, जेएम१०९ सारख्या के-१२ वाल्यांपेक्षा हा अ‍ॅसिटेट कमी करते आणि केलेलं परत खातेही. अ‍ॅसिटेट बनवायचा मार्गच जीनमधून कापलेले स्ट्रेनही असतात, आम्हाला एकानं खूप आग्रह केला, पण त्या मार्गाचे पीटीए-एसीकेए हे जीन कापले की बऱ्याचदा पायरुवेट, लॅक्टेट साचते, म्हणजे एक नळ बंद केला की दुसरा वाहते. आमच्या साइजच्या फर्मनं त्यात पडू नये असं माझं मत.

त्यापेक्षा ग्लुकोजऐवजी ग्लिसरॉल (ग्लिसरीन) बरं. बॅक्टेरिया ते सावकाश खाते, ॲसिड कमी. शिवाय इंडक्शनला, म्हणजे घातलेला जीन चालू करायला, लागणारं आयपीटीजी हे रसायन महाग, त्याऐवजी लॅक्टोजनं (दुधातल्या साखरेनं) इंडक्शन करायचं तर ग्लुकोज अडथळाच आहे, कारण ते संपेपर्यंत बॅक्टेरिया लॅक्टोजला हात लावत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम स्टुडियर यांनी २००५ मध्ये यावरच ऑटो-इंडक्शन (आपोआप इंडक्शन होणारा) मीडिया मांडला, छोट्या बॅचेस आता आम्ही तसल्याच मीडियात घेतो, इंडक्शनसाठी रात्री कोणाला उठावं लागत नाही. नाजूक प्रोटीन असेल तर तापमान २५ वर आणतो, वाढ आणखी मंदावते पण प्रोटीन नीट घडी होऊन विरघळलेलं मिळते, नाहीतर गुठळ्या होऊन वाया जाते.

आता मोठा फर्मेंटर घ्यायचं चालू आहे. बुटीबोरीकडे एक सेकंड हँड आहे म्हणतात, मालक कपॅसिटीच सांगून राहिला, मी म्हटलं भाऊ, कूलिंग जॅकेट अन् चिलर किती टनाचा ते आधी सांगा, मेमध्ये ट्रायल घेऊ, मग टोकन.