तुम्ही विचारलंत म्हणून: चतुराच्या (ड्रॅगनफ्लायच्या) फोटोला एवढी मोठी लेन्स कशाला?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. नाशिककडच्या नांदूरमधमेश्वरला पक्षी टिपायला आलेले लोक विचारतात, कारण सगळ्यांच्या लेन्स पाण्याकडे आणि माझी मात्र काठावरच्या गवताकडे वळलेली असते. आणि निफाडकडचे शेतकरी विचारतात, "ताई, पाखरं तर तिकडं पाण्यावर, तुम्ही कांद्यात काय बघता?" दोघांना म्हणायचं असतं ते एकच. किड्यांसाठी अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स असते आणि चारशेची, म्हणजे 400 मिमीची लांब टेलिफोटो लेन्स पक्ष्यांसाठी, मग हे उलटं काय चाललंय?

थोडक्यात सांगायचं तर, किडा काय करतोय ते मला बघायचं असतं, आणि मी जवळ गेले की तो ते करायचं थांबवतो.

100 मिमीच्या मॅक्रो लेन्सने किडा आहे तेवढाच सेन्सरवर उमटवायचा, म्हणजे 1:1 घ्यायचा, तर लेन्सचं तोंड आणि किडा यांच्यात वीतभरही अंतर उरत नाही. फुलात तोंड खुपसून बसलेल्या भुंग्याला ते चालतं. चतुराला चालत नाही. उडता डास हवेतल्या हवेत धरणारा हा प्राणी. काही जातींच्या एकेका डोळ्यात तीस हजारांच्या आसपास भिंगं असतात आणि जवळपास सगळीकडचं त्याला एकाच वेळी दिसतं. काचेचा एवढा मोठा गोल आपल्याकडे सरकतोय हे त्याला कळणार नाही, असं कसं होईल? तो उडतो, दोन मिनिटांनी बहुतेक वेळा त्याच काडीवर परत येतो आणि आपल्यावर नजर ठेवून बसतो. अशा वेळी फोटो मिळतो खरा, पण तो सावध झालेल्या चतुराचा असतो.

आता लेन्सचं. टेलिफोटो घेताना लोक किती लांबचं दिसेल ते विचारतात. मी उलटं विचारते: किती जवळचं फोकस होईल? कॅननच्या 100-400 च्या दुसऱ्या आवृत्तीचं उत्तर आहे 0.98 मीटर, आणि तिथे मॅग्निफिकेशन 0.31, म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराच्या 0.31 पट उमटतो. सोनीची 100-400 त्याच अंतरावर 0.35 देते. टॅमरॉनची 150-600 जी2 लेन्स 2.2 मीटरवरून 0.26. उलट कॅननची जुनी 400 एफ/5.6 घ्या. उडत्या पक्ष्यांसाठी सुरेख लेन्स, पण साडेतीन मीटरच्या अलीकडे फोकस होत नाही आणि मॅग्निफिकेशन जेमतेम 0.12. 100-400 ने चौकट भरणारा चतुर तिच्यात चौकटीच्या साधारण सातव्या हिश्शात मावतो. म्हणजे चारशे हा आकडा दोन्हींवर छापलेला असला तरी किड्यांच्या कामाची एकच.

0.31 ऐकायला कमी वाटतं, म्हणून हिशेब करून दाखवते. फुल फ्रेम सेन्सर 36 मिमी रुंद, म्हणजे चौकटीत सुमारे 116 मिमी रुंदीचं दृश्य येतं. कॅननच्या क्रॉप, म्हणजे आकाराने लहान, सेन्सरवर तेच 72 मिमी. पावसाळ्याच्या शेवटी मैदानांवर, गंगापूर धरणाच्या काठावर थव्यांनी घिरट्या घालणारा वॉन्डरिंग ग्लायडर नावाचा पिवळसर चतुर तुम्ही नक्की पाहिलाय. त्याच्या पंखांचा विस्तार सात-आठ सेंटिमीटर. क्रॉप सेन्सरवर त्याचे पंख चौकटीच्या दोन्ही कडांना टेकतात, आणखी जवळ जायची गरजच उरत नाही. (हाच तो चतुर, जो मोसमी वाऱ्यांच्या आधाराने भारतातून मालदीववरून थेट पूर्व आफ्रिकेकडे जातो असा अंदाज चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडला. आपल्या मैदानावर दुपारी दिसलेला किडा पुढे समुद्र ओलांडणार असेल, या विचारानेच मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघते.)

एक गैरसमज इथेच दूर करते. टेलिफोटोने डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत जेवढ्या खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं ती, कमी होते असं सर्रास सांगितलं जातं. किडा चौकटीत तेवढाच मोठा आणि ॲपर्चरही (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) तेच असेल, तर लेन्स शंभरची असो की चारशेची, डेप्थ जवळपास सारखीच मिळते. फुल फ्रेमवर 0.31 ला एफ/8 ठेवलं तर साधारण सहा-सात मिलिमीटर. 1:1 ला तीच एक मिलिमीटरवर येते. चतुर आडवा, पंख सेन्सरला समांतर असा मिळाला, तर सहा मिलिमीटरांत त्याचं सगळं अंग येतं. फोटो एकावर एक रचून जोडायची गरज पडत नाही, आणि हलत्या किड्याच्या बाबतीत ते शक्यही नसतं.

फरक पडतो तो मागच्या दृश्यात. किड्याच्या मागे दहा मीटरवर गवत असेल तर 100 मिमीची लेन्स त्यातला तीनेक मीटर रुंदीचा पट्टा चौकटीत घेते आणि 400 मिमीची त्याहून बराच अरुंद. पट्टा जितका अरुंद, तितका तो पसरून एकसंध रंग होतो. याचा खरा फायदा असा, की मागे काय यावं ते मला निवडता येतं. पाय न हलवता नुसती कंबरेतून थोडी डावीकडे झुकले, तर मागचं वाळकं गवत जाऊन पाण्याचा निळा येतो. आणखी जरा खाली वाकले तर ऊसाचा हिरवा. अंजनेरीच्या पठारावर सप्टेंबरात दाट फुलं असतात, तिथे तर मागचा रंग निवडणं हेच निम्मं काम. शिवाय लांब उभं राहायचं असल्याने पाय कुठे पडतोय तेही बघता येतं. अशा पठारांवर अगदी थोड्या जागेत तगून असलेल्या वनस्पती आहेत. किड्याच्या फोटोसाठी त्या तुडवणं मला कधीही मान्य होणार नाही.

आता कांद्यात काय बघते ते. आपल्याकडे बियाण्यासाठी कांदा लावतात. हिवाळा सरता सरता त्याचे डेंगळे उंच होतात आणि टोकाला पांढऱ्या फुलांचे गोंडे येतात. एका गोंड्यात शेकडो फुलं, पण एकाच फुलात परागकण आधी पिकून जातात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्यावर न्यायला कुणीतरी लागतं, आणि ते काम मधमाश्या, माश्या, गांधीलमाश्या असे सगळे मिळून करतात. ते नाहीत तर बी भरत नाही. अशा प्लॉटमध्ये आत शिरून चालत नाही. डेंगळे पोकळ असतात, धक्क्याने मोडतात, आणि मोडला की त्याचं बी गेलं. बांधावर उभं राहून चारशेच्या लेन्सने पहिल्या दोन-तीन ओळी अगदी आरामात दिसतात.

तिथे दिसतं ते असं. सातेरी माशी गोंड्यावर उतरली की फुलांवरून गोल चालते. मागच्या पायांवर परागाची गोळी असते, कधी मळकट, कधी पिवळी. तिच्या शेजारच्या फुलावर अगदी तिच्यासारखीच पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची आणखी एक बसलेली असते. फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा केला की कळतं, हिचे डोळे जवळजवळ सगळं डोकं व्यापून आहेत, मिशा अगदी आखूड आहेत आणि पंख दोनच. मधमाशीला चार असतात. ही मधमाशीचं सोंग घेतलेली फूलमाशी. हिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा खातात. एका शेतकरीदादांना हा फोटो बांधावरच दाखवला तेव्हा ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ही आपल्याच बाजूची." त्यानंतर फुलकिड्यांसाठीची फवारणी दिवसा करायची की माश्या घरी गेल्यावर संध्याकाळी, यावर आम्ही बोललो. अशा गप्पा फोटोपासून सुरू होतात म्हणून मला हे काम इतकं आवडतं.

काही किड्यांच्या बाबतीत लांब राहणं हा आवडीचा प्रश्नच नाही. आग्यामोहोळ घ्या. उंच झाडावर, पुलाखाली, कड्याच्या कपारीत लटकलेल्या त्या पोळ्यावर माश्यांचा थर असतो. गांधीलमाशी जवळ घिरट्या घालू लागली की थरातल्या माश्या एकामागून एक पोट वर उचलतात आणि पोळ्यावरून चकाकणारी लाट धावत जाते. गांधीलमाशीला त्यामुळे नेमकी एक माशी हेरता येत नाही. वाऱ्यात पिकलेल्या गव्हावरून सळसळ जाते तशी ती लाट दिसते. वीस-पंचवीस मीटरवरून, शांत उभं राहून, फ्लॅश न वापरता बघितली तर ती मनसोक्त बघता येते. त्याहून जवळ जाऊ नका, अत्तर लावून तर मुळीच नका. आग्या माश्या चिडल्या तर लांबपर्यंत पाठलाग करतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

आणि एक दृश्य, जे मी कुणालाही आग्रहाने दाखवते. दुपारच्या उन्हात पाण्याकाठच्या काडीवर क्रिमझन मार्श ग्लायडर नावाच्या चतुराचा नर बसतो, गर्द गुलाबी. ऊन चढत जातं तसतसं तो शेपटासारखं दिसणारं पोट वर उचलत नेतो. सूर्य डोक्यावर आला की पोटाचं टोक बरोबर सूर्याकडे, चतुर जणू काडीवर उलटा उभा. अंगावर पडणारं ऊन कमीत कमी व्हावं म्हणून ही धडपड. हे सगळं व्हायला बराच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्याने तिथे बसून राहायला हवं असेल तर तुम्ही दीड-दोन मीटर मागे असणं गरजेचं आहे. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लावा, शटर 1/500 च्या खाली नेऊ नका, आणि मुख्य म्हणजे तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. सावली पडताच तो उडतो.

मॅक्रोची जागा टेलिफोटो घेते असं मी म्हणत नाही. मुंगीचा चेहरा, फुलपाखराच्या पंखावरचे खवले, उडी मारणाऱ्या कोळ्याचे डोळे (कोळी कीटक नाही, पण आमच्या नादात तो येतोच) यांना मॅक्रोच हवी. निफाडच्या थंडीत पहाटे दवाने भिजलेला चतुर गारठून बसलेला असतो. ऊन अंगावर येऊन, पंख थरथरवून स्नायू तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही. तेव्हा मॅक्रोनेही हवं तेवढं जवळ जाता येतं. पण किडा स्थिर राहावा म्हणून त्याला डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचा, मग फुलावर आणून मांडायचा, हा प्रकार मला अजिबात पटत नाही. त्या फोटोत किड्याचं असं काहीच उरत नाही. फूल आपण निवडलेलं आणि बसण्याची ढबही आपणच दिलेली.

तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग मी कोणती लेन्स घेऊ? आधी घरात असलेली वापरून बघा. क्रॉप सेन्सरच्या कॅननबरोबर अनेकांकडे 55-250 ची एसटीएम लेन्स असते. तिचं मिनिमम फोकस 0.85 मीटर आणि मॅग्निफिकेशन 0.29 आहे, म्हणजे चौकटीत सुमारे 77 मिमी. चतुर आणि फुलपाखरांसाठी एवढं पुरेसं आहे.

आणखी मोठं हवं असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) घेण्याआधी विचार करा. ट्यूबने वाढणारं मॅग्निफिकेशन म्हणजे साधारण ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ. 25 मिमीची ट्यूब 50 च्या लेन्सवर 0.5 ची भर घालते, 400 च्या लेन्सवर फक्त 0.06. लांब लेन्सला क्लोजअप भिंग बरं. कॅननचं 500डी नावाचं दोन काचांचं भिंग पुढे फिरवून बसवलं आणि लेन्स अनंतावर ठेवली, की किडा अर्ध्या मीटरवर फोकस होतो आणि 400 ला मॅग्निफिकेशन 0.8 मिळतं. रेनॉक्सचं 150 त्याहून जोरदार, पण ते अंतर वीतभरावर आणून ठेवतं, म्हणजे पुन्हा मॅक्रोचीच अडचण. 1.4 चा टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारं, चित्र मोठं करणारं भिंग) असेल तर तोही चालेल. अंतर तेच राहून किडा 1.4 पट मोठा होतो, एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश मात्र जातो.

आणि मोठी लेन्स असूनही जवळचं फोकस होत नाही अशी तक्रार असेल, तर तिच्या अंगावरचं लिमिटरचं, म्हणजे फोकसचं अंतर मर्यादित करणारं, बटण तपासा. पक्ष्यांसाठी ते तीन मीटर ते अनंतावर ठेवलेलं असतं. ते ‘FULL’ वर करा आणि सकाळी गिरणारेच्या बाजूला टोमॅटोच्या एखाद्या प्लॉटच्या कडेला, मालकाला विचारून, उभं राहा. टोमॅटोचे पराग नळीसारख्या परागकोशांत बंद असतात, वरच्यावर बसून ते मिळत नाहीत. निळ्या पट्ट्यांची ब्लू बँडेड बी फूल घट्ट धरून उडायचे स्नायू थरथरवते, गुणगुण एकदम चढते आणि पराग टोकाच्या भोकातून तिच्या पोटावर सांडतात. एका फुलावर ती क्षण-दोन क्षणच थांबते. तेव्हा ज्या फुलावर ती अजून आलेली नाही त्यावर फोकस लावून ठेवा आणि आवाज जवळ येईपर्यंत हलू नका.