मिठाखाली लाल रेघ

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन बाई आणि मी करतो. बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाई. त्या छापील प्रतीवर लाल पेनने, मी संगणकावर, लिब्रेऑफिस या लेखनाच्या प्रोग्राममध्ये. गेल्या वर्षी लोणच्यांवरचा एक लेख उघडला आणि स्क्रीन लालेलाल. ‘मिठाचे’, ‘मिठात’, ‘मिठाला’, प्रत्येकाखाली नागमोडी रेघ. ‘मिठात’वर राइट क्लिक करून पर्याय विचारला, तर सुचवलं काय, ‘मीठात’! बाईंना दाखवलं.

“अगं, याला मराठी कुणी शिकवलं?”

तेच बघायचं ठरवलं. आधी वाटलं, मजकुराची भाषा चुकून हिंदी पडली असेल. ते नेहमीचं दुखणं. पण भाषा मराठीच होती. मग ज्यावरून लिब्रेऑफिस शुद्धलेखन तपासतं, त्या मराठी कोशाचं एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडायची फाइल, उघडलं. ही नुसती झिप फाइल असते. आत कामाच्या दोन साध्या मजकुराच्या फाइली. एकीत शब्दांची यादी, पहिल्या ओळीत शब्द किती तो आकडा. दुसरीत प्रत्ययांचे नियम. यादीतल्या शब्दापुढे तिरकी रेघ देऊन गटाचं चिन्ह लिहायचं, म्हणजे त्या गटातले प्रत्यय त्या शब्दाला लागतात. माझ्याकडच्या कोशात ‘मीठ’ला ‘घर’चाच गट दिलेला होता. घर–घरात, म्हणून मीठ–मीठात. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. त्याला उपान्त्य दीर्घाचा नियम, म्हणजे प्रत्यय लागताना शेवटून दुसरं ‘मी’ ऱ्हस्व होतं हे, कुणी सांगितलंच नव्हतं.

या फाइली वाचणारा प्रोग्राम म्हणजे हन्स्पेल. नावातला ‘हन’ हंगेरीचा. लिब्रेऑफिसचा पूर्वज असलेल्या ओपनऑफिससाठी केव्हिन हेन्ड्रिक्स यांनी मायस्पेल हा शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम लिहिला होता, पण हंगेरियन भाषा शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय चिकटवत जाते, तिथे तो पुरेना. लास्लो नेमेथ यांनी त्यातूनच हन्स्पेल घडवलं. प्रत्ययाला पुढे आणखी एक प्रत्यय लागू शकतो ही सोय त्यात आली, आणि सगळ्या लिप्यांची अक्षरं सामावणारं युनिकोड आलं. मायस्पेलला एका बाइटमध्ये बसणारीच अक्षरं कळायची, म्हणजे देवनागरीला तिथे जागाच नव्हती. २००६ मध्ये ओपनऑफिसने हन्स्पेल घेतलं, २००८ मध्ये फायरफॉक्स ३ ने. क्रोममध्येही तेच आहे. हंगेरियनांची अडचण मराठीच्या कामी आली, हे मला फार आवडलं.

नियम लिहायला बसले तेव्हा आवड जरा ओसरली. नियमाच्या ओळीत तीन गोष्टी असतात: शेवटचं काय काढायचं, काय जोडायचं, आणि शब्द कशाने संपत असेल तर. ‘ीठ’ काढ, ‘िठात’ जोड. छान. पण जे काढायचं ते अक्षरन् अक्षर लिहावं लागतं. ‘कुठलंही व्यंजन’ असं म्हणता येत नाही. म्हणजे मीठ-पीठसाठी एक ओळ, गरीबसाठी दुसरी, मूल-फूलसाठी तिसरी, आणि हे सगळं प्रत्येक प्रत्ययासाठी पुन्हा. दोन संध्याकाळी गेल्या. त्यात एकदा नवी फाइल करताना वरची ‘यूटीएफ-८’, म्हणजे अक्षरं युनिकोडमध्ये आहेत, हे सांगणारी ओळच राहिली आणि ‘घर’सुद्धा लाल झालं.

सुटका केली ती ‘नीडॲफिक्स’ नावाच्या खुणेने. यादीत ‘मिठा’ हे सामान्यरूपच शब्द म्हणून घालायचं आणि त्याला ही खूण द्यायची: एकटा आलास तर चूक, प्रत्यय घेऊन आलास तर बरोबर. मग ला, ने, चा, त, साठी, मुळे, शिवाय यांचा एकच गट सगळ्या सामान्यरूपांना चालतो. शाळेत सामान्यरूप शिकवताना बाई फळ्यावर ‘मिठा’ लिहून पुढे आडवी रेघ मारायच्या, अगदी तेच.

तरी ‘घरापर्यंतच्याही’ लाल राहिलं. घरा, पर्यंत, च्या, ही. तीन प्रत्यय झाले, आणि हन्स्पेल सोलतं दोनच. शेवटी ‘पर्यंतच्या’ हाच एक प्रत्यय म्हणून लिहिला. देखणं नाही, पण चालतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ‘दुसऱ्या’ने. एका लेखकाच्या मजकुरात काळा, दुसऱ्याच्या मजकुरात लाल, आणि दिसायला तंतोतंत सारखा. शेवटी एकेक अक्षर सुटं करून पाहिलं. एकाने नुक्त्याचा ‘ऱ’ वापरला होता, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. ‘ॲप’चंही तेच: ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, तोवर लोक अ वर चंद्र चढवत होते आणि अजून कित्येक जण चढवतात. नियमांच्या फाइलीत ‘आयकन्व्ह’च्या दोन ओळी टाकल्या, की हे आलं तर ते समज, आणि शेकडो रेघा एका फटक्यात गेल्या.

मग ‘सूत’ आलं. दोऱ्याचं सूत असेल तर ‘सुताचा’; सुतावरून स्वर्ग आपण असाच गाठतो. पण कर्णाच्या गोष्टीतला सूत, म्हणजे सारथी, तत्सम, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून दीर्घच राहणारा; त्याचं ‘सूताचा’. शिवाय मुलगा या अर्थी ‘सुत’ आहेच. तिन्ही घातले तर ऱ्हस्व लिही नाहीतर दीर्घ, यंत्र मान डोलावणार. १९६२ चे मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम आणि १९७२ ला जोडलेले चार बाईंना तोंडपाठ. त्यांना विचारलं.

“तुझ्या अंकात सारथी किती आणि सूत किती?”

“हातमागावर लेख आहे, बाई. सारथी एकही नाही.”

“मग सारथ्याला उतरव.”

उतरवलं, ‘सुत’लाही. तोवर मला वाटायचं, जितके शब्द जास्त तितका कोश चांगला. आता दुर्मीळ शब्द दिसला की आधी बघते, तो कुठल्या रोजच्या चुकीला पांघरूण घालतोय. ‘दिन’ आणि ‘दीन’ मात्र दोन्ही ठेवावेच लागले, त्यामुळे ‘बालदीन’ सुटं लिहिलं तर आजही बिनबोभाट पुढे जातं. ते पकडायला लाल पेन.

अंक छपाईला जायच्या आधी टर्मिनलमधून नुसत्या अनोळखी शब्दांची यादी काढली. उरलं काय, तर मोहरी फेसण्याबद्दलचे दोन-चार घरगुती शब्द आणि ‘कैरीचं’, ‘केलं’, ‘मुरलेलं’ यांची रांग. बाईंचं म्हणणं ठाम: बोलताना चालतं, अंकात ‘केले’च. मी स्वतः दिवसभर ‘केलं’ लिहिते. म्हणून आता दोन कोश आहेत. बाईंच्या लॅपटॉपवरच्या कोशात अनुस्वाराचा गट नाही. माझ्या कोशात आहे, आणि ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.