पेढा का बर्फी

सातारा, मंगळवार, रात्र

वहिनीला सातवा लागलाय. आज तिच्यासोबत सोनोग्राफीला गेले होते. भिंतीवर ती सक्तीची पाटी, इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही म्हणून. बरोबर तिच्याखाली बसलेल्या एका आजींनी सुनेला विचारलं, "मग, पेढा का बर्फी?" (कंदी पेढ्यांच्या गावात बर्फीनं कुणाचं घोडं मारलंय कोण जाणे.) सून मोबाइलमधून वर बघेना.

मला २०११ आठवलं. त्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता ८० टक्क्यांच्या वर, आणि सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे मुली ९०० सुद्धा नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात इथे २०० हून जास्त मुलींचं नव्यानं बारसं झालं. आधीचं नाव नकोशी, नाहीतर नकुसा. मुलगी नको म्हणून ठेवलेलं.

तेव्हा त्या आईबापांचा संताप आला होता. आज वेगळंच वाटतंय. ती नकोशी निदान जन्माला आली. न्हाऊमाखू घातली गेली, शाळेत गेली, हजेरीला "हजर" म्हणाली. नको असलेलं माणूस रोज समोर वावरायला लागलं की कधीतरी त्याचा लळा लागतो. सोनोग्राफीच्या यंत्रानं ती सोयच काढून घेतली. मुलग्याची हाव जुनीच, पण आता तोंड बघावं लागत नाही. पैसे मोजायचे आणि घरी यायचं. याला सुधारणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिक्षण आलं की माणूस सुधारतो, हे साताऱ्यात आम्ही लहानपणापासून ऐकलंय. पण भाऊराव पाटलांनी १९२४ साली इथे बोर्डिंग काढलं तेव्हा नुसती अक्षरं शिकवली नाहीत, सगळ्या जातींची पोरं एका पंक्तीला बसवली. शेजारच्याचं ताट दिसत होतं. त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, त्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. आम्ही त्यातली अक्षरं तेवढी घेतली, पंक्त राहून गेली.

कायद्यानं मन बदलत नाही, असं दादा जेवताना म्हणाला. नसेल बदलत. तरी महाराष्ट्रानं १९८८ मध्येच गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला, देशाच्या सहा वर्षं आधी, याचा मला अभिमान आहे. मन बदलेपर्यंत पोरींनी थांबायचं कुठं? प्रत्येक गरोदर बाईमागे सोनोग्राफीची नोंद ठेवणारा तो एफ फॉर्म भरताना डॉक्टर मंडळी वैतागतात म्हणे. वैतागू देत. भरा म्हणावं.